साहेब, त्या कुलपाची चावी कोणाकडे आहे?

मा. पाणीपुरवठा व स्वच्छता मंत्री,
सा.न.वि.वि.

साहेब, गेल्या सोमवारी पहाटे आई कातळावर घसरली, खुबा मोडला. वय ७१. वरून पाऊस, खाली शेवाळ, एका हातात बॅटरी नि दुसऱ्यात टमरेल. तुम्ही म्हणाल ग्रामीण महाराष्ट्र २०१८ लाच हागणदारीमुक्त जाहीर केलाय मग बाई तिकडे गेली कशाला, तर तेच सांगतो.

आमची वाडी खाडीकाठची, पावसात दोन फूट खणलं की पाणी, खाली जांभा. १२ हजाराच्या अनुदानातले ते दोन खड्ड्यांचे संडास जून लागला की तुंबतात आणि विहिरीला वास येतो. म्हणून नवीन टेक्नॉलॉजीच्या मशीनवाल्या संडासाच्या टेस्टिंगला आमची वाडी निवडली. मैलापाण्यात वीज सोडायची, त्यातल्याच मिठाचं क्लोरीन होतं, जंतू मरतात आणि तेच पाणी परत फ्लशला. खोटं कशाला बोलू, ८ महिने मस्त चाललं, आई तर पाहुण्यांना मुद्दाम दाखवायला न्यायची. त्या भरवशावर जुना सार्वजनिक संडास पाडला, मी पण टाळ्या वाजवल्या.

मग मे महिन्यात वळवाचा पाऊस झाला, लाइट गेली ती ४ दिवस, आणि आली ती मशीनचा बोर्ड जाळूनच. मशीनवाल्यांना फोन केला तर म्हणे टेस्टिंग पिरियड संपला, डेटा मिळाला. तुम्हाला डेटा, आम्हाला दाराला कुलूप! ग्रामपंचायत म्हणते आमच्या ताब्यात दिलंच नाही, पंचायत समिती म्हणते झेडपीत विचारा, झेडपीत साहेब मीटिंगला. खर्च कोण २० लाख सांगतं कोण ४०, माझ्या मते ४०च, नुसता उद्घाटनाचा मंडप बघायला हवा होता.

कोकणात पावसात लाइट जाते हे कळायला मशीन कशाला हवं? २०२० च्या निसर्ग वादळानंतर आम्ही किती रात्री चिमणीवर काढल्या ते आईने फुकट सांगितलं असतं. पण इथे सगळ्याचीच टेस्टिंग. मुंबई-गोवा हायवेचं चौपदरीकरण २०११ पासून चाललंय, त्यावरूनच आईला नेली, प्रत्येक खड्ड्याला ओरडत होती. संडासाला खड्डा मिळत नाही साहेब, रस्त्याला मात्र हवे तेवढे.

ऑपरेशनचं मी बघतो, कर्ज काढलंय. गणपतीला चाकरमानी येतील, घरात १४ माणसं, त्यात ५ बायका. मशीन दुरुस्त करा नाहीतर पाडलेला संडास बांधून द्या. तेही जमत नसेल तर निदान ती चावी कोणाकडे आहे तेवढं कळवा, वाडीत कोणालाच माहीत नाही.

आपला,
खाडीकाठचा एक मतदार