मत देताना बैठकीतली हजेरी बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

येत्या गुरुवारी आमच्या विद्यापीठात विद्यार्थी परिषदेची निवडणूक आहे आणि अध्यक्षपदाच्या एका उमेदवाराला पाठिंबा म्हणून मी हे पत्र लिहितोय, हे आधीच सांगून टाकतो म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की आडून प्रचार केला. तिचं नाव लिहीत नाही कारण एकटीचंच नाव पेपरात आलं तर बाकी उमेदवारांवर तो अन्याय होईल. आमच्या इथल्या मुलांना मी कुणाबद्दल बोलतोय ते पुढे वाचलं की कळेलच. मी कुठल्याही संघटनेत नाही, कधी नव्हतो.

मागच्या आठवड्यात तुमच्या पानावर एका ज्येष्ठ वाचकांचं पत्र होतं, की विद्यार्थ्यांच्या निवडणुका म्हणजे नुसता गोंधळ, शिकायच्या वयात पुढारीपणाची चटक. त्यांचा राग मला समजतो, भिंती खराब करणारे आणि वर्गात घुसून घोषणा देणारे मीही बघितलेत. पण त्यांनी जे बघितलं नाही ते मी अगदी जवळून बघितलंय म्हणून लिहायला बसलो.

तिसऱ्या सेमिस्टरला माझा एक विषय चार मार्कांनी गेला. पेपर बरा गेला होता म्हणून मी रीव्हॅल टाकलं, म्हणजे पेपर पुन्हा तपासायचा अर्ज केला. आता गंमत नाही, खरंच असं होतं की फेरपरीक्षेचा फॉर्म भरायची शेवटची तारीख रीव्हॅलचा निकाल लागायच्या आधीच संपायची. म्हणजे फॉर्म भरला आणि रीव्हॅलमध्ये सुटलो तर फीचे पैसे गेले, नाही भरला आणि रीव्हॅलमध्येही राहिलो तर आख्खे सहा महिने गेले. मी फॉर्म भरला नाही. घरून पुन्हा पैसे मागायची लाज वाटत होती आणि मार्क वाढतीलच अशी खात्री होती. वाढले दोनच. त्या सहा महिन्यांत घरी काय काय बोलणी झाली ते इथे लिहीत नाही, पण ज्यांचा विषय राहिलाय त्यांना ते माहीत आहे.

माझ्यासारखे बरेच जण होते आणि आम्ही सगळे कॉरिडॉरमध्ये उभं राहून शिव्या देत होतो. ही उमेदवार तेव्हा आमच्या वर्गाची सीआर, म्हणजे वर्ग प्रतिनिधी होती. तिचा स्वतःचा एकही विषय राहिलेला नव्हता. तिने काय केलं तर मागच्या चार सेमिस्टरच्या परीक्षा विभागाच्या नोटिसा शोधल्या आणि एका कागदावर दोन रकाने केले, एकात फॉर्मची शेवटची तारीख आणि दुसऱ्यात रीव्हॅलच्या निकालाची तारीख. चारही वेळा निकाल नंतर. बस एवढाच कागद. सह्यांची मोहीम नाही की मोर्चा नाही, तो कागद घेऊन ती ज्या समितीत विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून बसायची तिथे गेली आणि हा विषय घ्या म्हणाली.

पहिल्या बैठकीत तो 'आयत्या वेळचे विषय' मध्ये टाकला गेला आणि वेळ संपली म्हणून पुढे ढकलला. दुसऱ्या बैठकीच्या आधी इतिवृत्त, म्हणजे मागच्या बैठकीची लेखी नोंद आली तर त्यात या विषयाचा उल्लेखच नाही. इथेच नव्वद टक्के प्रतिनिधी गप्प बसतात असं माझं मत आहे, कारण इतिवृत्त कोण वाचतं. ती वाचते. बैठकीचा पहिलाच विषय असतो मागच्या बैठकीचं इतिवृत्त कायम करणे, सगळे माना हलवतात आणि पुढे जातात, तिथे ही उभी राहिली आणि म्हणाली की मी मांडलेला विषय यात आलेला नाही, तो आल्याशिवाय माझी कायम करायला संमती नाही आणि हेही आजच्या इतिवृत्तात लिहा. आवाज चढवला नाही. मला हे तिने सांगितलेलं नाही, त्या समितीतल्या आमच्या एका मॅडमनी नंतर वर्गात सांगितलं. तिसऱ्या बैठकीत परीक्षा विभागातल्या क्लार्कनीच मार्ग सुचवला की रीव्हॅल टाकलेल्या मुलांचा फॉर्म तात्पुरता घेता येईल आणि फी निकाल लागल्यावर भरता येईल. मंजूर झालं. मला त्याचा काहीच फायदा झाला नाही, माझे सहा महिने जायचे ते गेले. पण माझ्या मागच्या बॅचच्या मुलांना आता हा प्रश्न आहे हेच माहीत नाही, फॉर्मवर एक चौकट आहे, टिक करायची आणि घरी जायचं.

हे एवढं लांबण लावून लिहिलं कारण विद्यार्थी परिषद नक्की काय करू शकते हे प्रचारात कुणीच सांगत नाही. परिषद फी ठरवत नाही. हॉस्टेल बांधत नाही. प्राध्यापक नेमत नाही. तिच्या हातात असतं ते समित्यांमध्ये बसणं, विषयपत्रिकेवर विषय आणणं, कागद मागणं, पटलं नाही तर विरोध नोंदवून घेणं, आणि विद्यार्थी उपक्रमांसाठी जो निधी असतो त्याचं वाटप. ऐकायला हे अगदीच किरकोळ वाटतं आणि म्हणूनच भाषणात येत नाही. पण नियम बदलतो तो इथेच, टाळ्या पडतात तिथे नाही.

परवा उमेदवारांची जाहीर चर्चा झाली. एकाने फी निम्मी करतो म्हणून सांगितलं, एकाने लायब्ररी चोवीस तास उघडी ठेवतो म्हणून सांगितलं, दोघांनाही जोरात टाळ्या. हिला विचारलं तुम्ही फी किती कमी करणार. ती म्हणाली फी कमी करणं परिषदेच्या अधिकारात नाही, मी खोटं सांगणार नाही, पण फीच्या पावतीवर जी प्रत्येक बाब लिहिलेली असते त्या त्या बाबीचा पैसा वर्षभरात कुठे खर्च झाला याचा हिशोब मी मागेन आणि तो सगळ्यांना कळेल अशा भाषेत नोटीस बोर्डावर लावेन. हॉल एकदम शांत. मागून कुणीतरी हुर्यो पण केली. मला मनापासून वाईट वाटलं, कारण त्या दिवशीच्या सगळ्या बोलण्यात खरं करून दाखवता येईल असं वचन ते एकच होतं. ब्रिटनमध्ये तर 1994 च्या शिक्षण कायद्यातच लिहिलंय की विद्यार्थी संघटनेच्या मुख्य पदांची निवडणूक गुप्त मतदानाने व्हायला हवी आणि संघटनेचा आर्थिक अहवाल दरवर्षी प्रसिद्ध करून सगळ्या विद्यार्थ्यांना बघायला मिळायला हवा. म्हणजे हिशोब लावते म्हणणारी मुलगी काही जगावेगळं बोलत नव्हती.

ज्येष्ठ वाचकांनी पत्रात असंही लिहिलं होतं की विद्यार्थ्यांनी कारभारात लुडबुड करणं हे आजकालचं फॅड आहे. त्यांना आदरपूर्वक सांगतो की तसं नाही. इटलीतलं बोलोन्या विद्यापीठ, ज्याची स्थापना परंपरेने 1088 ची मानतात, तिथे मध्ययुगात विद्यार्थीच आपल्यातून रेक्टर, म्हणजे प्रमुख निवडायचे आणि शिक्षकांना त्या रेक्टरची आज्ञा पाळायची शपथ घ्यावी लागायची. शिक्षक उशिरा आला तर दंड, घंटा झाल्यावरही शिकवत राहिला तर दंड, नेहमीच्या व्याख्यानाला पाच विद्यार्थीसुद्धा जमले नाहीत तर शिक्षकच गैरहजर धरून दंड. इतकं टोक मलाही नको आहे, आमचे बरेच शिक्षक जीव तोडून शिकवतात. पण ज्याच्या शिक्षणासाठी ही सगळी यंत्रणा उभी आहे त्याला टेबलाशी खुर्ची हवी हा विचार विद्यापीठांइतकाच जुना आहे एवढंच सांगायचंय. पुढे 1918 मध्ये अर्जेंटिनातल्या कोर्दोबाच्या विद्यार्थ्यांनी कारभारात वाटा मागितला आणि ती चळवळ लॅटिन अमेरिकेत देशोदेशी गेली.

पण नुसती खुर्ची मिळून भागत नाही, तिच्यावर कुणीतरी येऊन बसावं लागतं. स्कॉटलंडमधल्या ग्लासगो विद्यापीठात विद्यार्थी रेक्टर निवडतात आणि तो विद्यापीठाच्या सर्वोच्च मंडळांपैकी एकाचा अध्यक्ष मानला जातो. 2014 मध्ये त्यांनी एडवर्ड स्नोडेनला निवडलं, अमेरिकन सरकार लोकांवर गुप्त पाळत ठेवतं हे उघड करणारा, जो तेव्हा रशियात होता आणि तिथून हलू शकत नव्हता. निषेध म्हणून त्या मताला अर्थ होता आणि ते मुद्दामच दिलेलं होतं, मी त्याला नावं ठेवत नाही. पण आपल्याकडे निषेध म्हणून नाही तर नुसतं नाव मोठं म्हणून, इन्स्टावर फॉलोअर जास्त म्हणून, गॅदरिंगला नाचला छान म्हणून मत दिलं जातं आणि मग तो निवडून आलेला बैठकीला फिरकतच नाही. मागच्या परिषदेच्या बैठकांची हजेरी ऑफिसमध्ये बघायला मिळते, मी जाऊन बघितली, कुणालाही बघता येते. जे आज पुन्हा उभे आहेत त्यांची नावं त्यात किती वेळा दिसतात ते मत देणाऱ्याने स्वतः मोजावं, मी इथे सांगत नाही. तिची एकच गैरहजेरी आहे आणि तेव्हा ती आजारी होती.

तिच्यात कमी काही नाही असं मी म्हणणार नाही. बोलताना ती अडखळते, माईक हातात आला की आवाज बारीक होतो. मेसेजला उत्तर दोन दोन दिवस देत नाही, याचा मला स्वतःला वैताग आलेला आहे. चुकीचं काही बोललं तर तोंडावर सांगते त्यामुळे काही जण दुखावलेत, त्यातले दोघे आमच्याच वर्गातले आहेत आणि ते तिला मत देणार नाहीत. अध्यक्षाला चार लोकांना सोबत घेऊन चालावं लागतं आणि ते तिला शिकावं लागेल हे मी तिला पण सांगितलंय. पण बोलणं शिकता येतं, आणि दोन वर्षं एकही कागद न वाचता बैठकीत बसलेला माणूस अध्यक्ष झाल्यावर वाचायला लागेल यावर माझा विश्वास नाही.

प्रचाराचंही सांगतो. विद्यार्थी निवडणुका कशा व्हाव्यात हे सुचवणाऱ्या लिंगडोह समितीने 2006 च्या अहवालात म्हटलं होतं की छापील पोस्टर नकोत, हाताने केलेलीच चालतील, आणि निकालानंतर दोन आठवड्यांत उमेदवाराने तपासलेला खर्चाचा हिशोब द्यावा. यामागचा विचार साधा आहे, ज्याच्या मागे पैसा नाही त्यालाही उभं राहता यावं. हिची सगळी मिळून नऊ पोस्टर आहेत, कार्डशीटवर स्केचपेनने लिहिलेली, आणि खर्च ती रोज संध्याकाळी एका वहीत लिहून ती वही आमच्या डिपार्टमेंटबाहेरच्या टेबलावर ठेवते. निकालापर्यंत सुद्धा थांबली नाही. कुणीही उघडून बघतं.

मला सगळ्यात जास्त भीती विरोधी उमेदवारांची नाही, मत द्यायला न येणाऱ्यांची आहे. मागच्या वेळी आमच्या वर्गातल्या साठपैकी अकरा जणांनी मत दिलं होतं, मी त्या अकरात नव्हतो, हे लिहिताना वाईट वाटतं पण खरं आहे. मतदान इतकं कमी असलं की ज्याच्या मागे शंभर मित्रांचा ग्रुप आहे तो आरामात निवडून येतो, बाकीच्यांना तो कोण हे पण माहीत नसतं, आणि मग प्रशासनाला म्हणायला मोकळं की ही परिषद विद्यार्थ्यांचं प्रतिनिधित्व करतच नाही. म्हणजे जिंकूनही तिच्या शब्दाला वजन राहणार नाही जर मतंच पडली नाहीत. तिला मत द्यायचं नसेल तर दुसऱ्याला द्या, पण त्याला आधी विचारा की मागच्या वर्षी कुठल्या बैठकीत काय मांडलं होतंस. उत्तर देता आलं तर खुशाल द्या, माझी काही तक्रार नाही.

ज्येष्ठ वाचकांना एक विनंती, गुरुवारी वेळ असेल तर आमच्या आवारात एक चक्कर मारा आणि ती वही उघडून बघा. आणि मुलांनो, मतदान सकाळी नऊ ते चार आहे, आयडी कार्डशिवाय आत सोडत नाहीत, आणि ज्यांचं कार्ड हरवलंय त्यांनी बुधवारी दुपारच्या आत ऑफिसमधून तात्पुरती स्लिप घेऊन ठेवा, गुरुवारी तिथे रांग लागते आणि मग लोक कंटाळून निघून जातात.

आपला,
शेवटच्या वर्षाचा एक विद्यार्थी