४९९चा प्लॅन ५८९ला

संपादक महोदय,

पुण्यात फ्लॅट भाड्याने घेणाऱ्या विद्यार्थ्यांनी ब्रॉडबँडच्या जाहिरातीतल्या आकड्यावर १८ टक्के जीएसटी धरावा. ४९९चा प्लॅन ५८९ला पडतो. चौघांत माणशी दीडशेच्या आत. तेवढ्यांना ५० एमबीपीएसचा स्पीड सहसा पुरतो. वर्षाचे पैसे एकदम भरू नयेत. भाडेकरार ११ महिन्यांचा आणि प्लॅन १२चा, हा कुठला हिशेब! राउटरच्या अनामतीची पावती जपावी.

स्पीड कमी वाटला तर आधी राउटरपासून लॅपटॉपला लॅन केबल (इंटरनेटची वायर) लावून तपासावा. केबलवर पूर्ण आणि वायफायवर निम्मा येत असेल, तर दोष लाइनचा नाही. वायफायच्या दोन बँडपैकी ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल भिंतीपलीकडे मंदावतो, २.४वर शेजारच्या राउटरांची गर्दी असते. कपाटामागचा राउटर पॅसेजमध्ये उंचावर लावून पाहावा.

– एक वाचक, पुणे