बेन फेरेन्झ यांच्याबद्दल

संपादक साहेब,

नाझींवरच्या न्युरेम्बर्ग खटल्यांतले सरकारी वकील बेन फेरेन्झ २०२३ला वयाच्या १०३व्या वर्षी गेले, त्यांच्यावर आपल्याकडे पाहिजे तेवढं लिहून आलं नाही असं मला मनापासून वाटतं. हार्वर्डमधून वकिली शिकून अमेरिकन आर्मीत साधे शिपाई म्हणून गेले, नॉर्मंडीला उतरले आणि पुढे नाझींच्या छळछावण्यांत जाऊन पुरावे गोळा करायचं काम अंगावर आलं, काय काय बघितलं असेल विचारही करवत नाही. युद्धानंतर जर्मनीत न्युरेम्बर्गला नाझींवर खटले चालले, तिथे २७व्या वर्षी सरकारी वकील म्हणून आयुष्यातली पहिलीच केस, समोर लोकांना सामूहिक ठार मारणाऱ्या नाझी पथकांचे २२ आरोपी! नाझींच्याच रिपोर्टमधले मारलेल्यांचे आकडे बेरजेच्या मशिनवर मिळवत गेले, दहा लाखांच्या वर गेल्यावर थांबले. दोन दिवसांत नुसत्या कागदांवर बाजू मांडली आणि सगळे दोषी ठरले. लॉच्या पोरांना हा खटला नीट शिकवा हो.

– एक वाचक, सातारा