खुर्चीवर कोण होते, ते कसे कळणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘कार्यालयीन संगणक व इंटरनेटचा खासगी वापर केल्यास कारवाई होईल’ ही सूचना महाविद्यालयाच्या फलकावर लावणे सोपे आहे. पण कारवाई करणार कोणावर? आस्थापना, लेखा, शिष्यवृत्ती अशा सगळ्या टेबलांना लॉगिन एकच असते आणि पासवर्डची चिठ्ठी मॉनिटरच्या कडेला डकवलेली असते. विंडोज प्रत्येक लॉगिनची नोंद ठेवते. विंडोजमधल्या इव्हेंट व्ह्यूअर या नोंदी दाखवणाऱ्या प्रोग्रामच्या सिक्युरिटी लॉगमध्ये (सुरक्षेच्या नोंदवहीत) ४६२४ क्रमांकाखाली ती सापडते. मात्र त्यात येते ते खात्याचे नाव. सगळेच ‘ॲडमिन’ असतील तर मुख्य लिपिक, कंत्राटी ऑपरेटर आणि सुटीत प्रिंट काढायला आलेला कुणाचा तरी भाचा यांत फरक करता येत नाही.

जेवणाच्या सुटीत कोणी विजेचे बिल भरले किंवा मुलाचा निकाल पाहिला म्हणून काही बिघडत नाही. खरी जोखीम शिष्यवृत्तीच्या टेबलावर आहे. महाडीबीटी या राज्य शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचा अर्ज लिपिकाच्या लॉगिनमधून प्राचार्यांच्या लॉगिनला जातो. त्यात जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, बँकेचा तपशील असतो. मुदत संपत आली की एकाच आयडीवर तिघे बसतात, आणि माणसे कमी असल्याने त्यांचाही नाइलाज असतो. त्यातल्या एकाने क्रोममध्ये स्वतःचे जीमेल टाकून सिंक, म्हणजे ब्राउझरमधली माहिती आपल्या सगळ्या उपकरणांवर आपोआप नेणारी सोय, चालू केलेले असते. पोर्टल उघडताना ‘सेव्ह पासवर्ड’ला हो म्हटले की तो पासवर्ड संध्याकाळी त्याच्या घरच्या मोबाईलवर हजर. त्याच्या मनात काही नसते, बहुधा त्याला पत्ताही नसतो. पण नंदुरबार-धडगावकडच्या ज्या मुलाचे वर्ष या पैशांवर निघते, त्याचा अर्ज ‘रिजेक्ट’ झाला तर बटण कोणी दाबले, हे सांगणारा कोणी उरत नाही.

यावरचा उपाय फुकटात होतो. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये अकाउंट्स, त्यात अदर यूजर्स उघडून प्रत्येकाचे वेगळे खाते काढावे, तेही ‘स्टँडर्ड’ प्रकारचे, म्हणजे ॲडमिनचे अधिकार नसलेले. ॲडमिनचा पासवर्ड संगणक विभागातल्या एकाकडे आणि मोहोरबंद पाकिटात प्राचार्यांकडे ठेवावा. मग पेन ड्राइव्हवरून आणलेले क्रॅक सॉफ्टवेअर बसवताना विंडोज बहुतेक वेळा ॲडमिनचा पासवर्ड मागते आणि गाडी तिथेच अडते. ब्राउझरची एक्स्टेंशने (त्याला जोडायचे छोटे प्रोग्राम) तरीही बसतात, ती निराळी बंद करावी लागतात. टेबल सोडताना विंडोज आणि एल ही दोन बटणे एकदम दाबायची. विसरभोळ्यांसाठी स्क्रीनसेव्हर ५ मिनिटांवर लावून ‘ऑन रिझ्यूम’पुढे टिकमार्क करावी. पहिला आठवडा कुरकुर होईल, ती होऊ द्यावी.

सिक्युरिटी लॉगची मूळ मर्यादा २० एमबी असते. ती भरली की जुन्या नोंदींवर नव्या चढतात, म्हणून ती वाढवून घ्यावी. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे शासकीय संस्थांनाही नोंदी १८० दिवस जपायच्या आहेत.

आणखी एक बारीकशी गोष्ट. मदरबोर्डवर नाण्याएवढा सीआर २०३२ सेल असतो. जुन्या संगणकात तो संपलेला असला आणि वीज गेली, की घड्याळ मागच्या कुठल्या तरी वर्षात जाऊन बसते. मग सुरक्षा प्रमाणपत्राची तक्रार करत पोर्टल उघडत नाही, ‘नेट गेलं’ म्हणून ओरड होते, आणि संगणकातल्या त्या दिवसाच्या नोंदींच्या वेळाही कुचकामी ठरतात. बिल्डिंगभर केबल तपासण्याआधी उजव्या कोपऱ्यातली तारीख पाहावी.

बदली किंवा सेवानिवृत्तीच्या वेळी नादेय प्रमाणपत्रावर ग्रंथालयाची सही लागते, भांडार विभागाची लागते. त्याच कागदावर ‘संगणक खाते बंद, पोर्टलचे पासवर्ड बदलले’ असा रकाना छापून घ्यावा, आणि तो भरल्याखेरीज कार्यमुक्तीचा आदेश देऊ नये.

– एक संगणक प्रयोगशाळा सहायक, जि. जळगाव