विभक्त पालक आणि मुलीचे व्याज

महोदय,

अज्ञान मुलांच्या नावावरील ठेवींचे व्याज आई-वडिलांपैकी कोणाच्या उत्पन्नात धरायचे, हा प्रश्न एकत्र नांदणाऱ्या जोडप्यांना फारसा अडवत नाही. वेगळे राहणाऱ्यांना मात्र तो विवरणपत्रांच्या हंगामात दरवर्षी छळतो. १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ६४(१अ) प्रमाणे विवाह अस्तित्वात असल्यास हे व्याज अधिक उत्पन्न असलेल्या पालकाच्या उत्पन्नात मिळवले जाते, आणि विवाह अस्तित्वात नसल्यास त्या वर्षी मुलाचा सांभाळ करणाऱ्याच्या. घटस्फोटाचा दावा कितीही वर्षे पडून असला, तरी निकाल लागेपर्यंत कायद्याच्या लेखी संसार चालूच असतो.

मी कर सल्लागार आहे. माझ्याकडे येणाऱ्या एका शिक्षिकेची मुलगी पाच वर्षांपासून तिच्याजवळच राहते. आजीने नातीच्या नावे पाच लाखांची मुदत ठेव केली, बँकेत अज्ञान पालनकर्ती म्हणून आईचे नाव व पॅन लागले, आणि वर्षाचे सुमारे ३५ हजारांचे व्याज आईच्याच एआयएसमध्ये (आयकर खात्याकडील वार्षिक माहिती विवरणात) उमटू लागले. कायद्याप्रमाणे ते दाखवायचे वडिलांनी, कारण घटस्फोटाचा निकाल लागलेला नाही आणि पगार त्यांचा जास्त. त्यांनी तर त्या ठेवीची पावतीही पाहिलेली नाही. त्यांना कळवावे, तर पैसे आले कुठून यावरून कोर्टात नवा अर्ज पडायचा! शेवटी बाई स्वतःच कर भरून मोकळ्या होतात.

घटस्फोटानंतर ताबा दोघांकडे असेल, तर गुंता निराळाच. मूल चार दिवस आईकडे, तीन दिवस वडिलांकडे, शाळेची फी एकाची, दवाखाना दुसऱ्याचा. यात सांभाळ कोणाचा, हे कायदा सांगत नाही. अमेरिकेत मूल कोणाकडे किती रात्री राहिले हे मोजतात, आणि रात्री समान भरल्या तर मुलापोटी मिळणाऱ्या करसवलतीवर अधिक उत्पन्नाच्या पालकाचा हक्क मानतात. अर्थात तिथले भांडण सवलत मिळवण्यासाठी असते, आपल्याकडचे बोजा टाळण्यासाठी.

१ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात भाषा सोपी झाली, पण ही व्यवस्था मुळात तशीच राहिली. घटस्फोट झालेला असो वा नसो, मूल प्रत्यक्ष ज्याच्याजवळ राहते त्याच्याकडे हे उत्पन्न धरावे, आणि ताबा विभागलेला असल्यास दोघांच्या सहीचे निवेदन ग्राह्य मानावे, एवढी दुरुस्ती अर्थ मंत्रालयाने करावी.

— एक कर सल्लागार, ठाणे