माणूस हरवलं तर रात्र वाया घालवू नका

सर्व सदस्यांना सूचना. घरचं कोणी दिसेनासं झालं की आपण पाहुण्यांना फोन लावत बसतो अन् रात्र निघून जाते. २४ तास थांबावं लागतं हा गैरसमज आहे. लगेच ११२ लावा, पोलीस ठाण्यात मिसिंगची नोंद करा. १८ वर्षांखालचं लेकरू असेल तर १०९८ ही लेकरांची हेल्पलाइन लावा.

सोबत अलीकडचा फोटो न्या. अंगावरचे कपडे, गोंदण, जुनी खूण सांगा.

विसर पडणारं म्हातारं माणूस बहुतेक ओळखीच्या वाटेनंच जातं. म्हणून आधी जुनं वावर, धुरा (बांध), नाला, विहिरी पाहा. एकट्यानं नाही, बॅटरी घेऊन चौघं मिळून. मग एसटी स्टँड, बडनेरा स्टेशन, शेगावचं मंदिर, सरकारी दवाखाना.

ग्रुपवर फोटो घरच्यांना विचारूनच टाका. माणूस सापडलं की तसं लगेच कळवा.