अफेनीच्या मुलाबद्दल, माझ्या मुलाला

चि. सिद्धार्थ,
सप्रेम जय भीम.

वाढदिवसाला तू पाठवलेलं 'डिअर मामा' ऐकलं. पहिल्यांदा निम्मे शब्द निसटले, म्हणून मग शब्द समोर ठेवून पुन्हा ऐकलं. त्यानंतर ज्या बाईसाठी ते गाणं लिहिलंय तिच्याबद्दल वाचत बसले आणि वाचतच राहिले. ते गाणं म्हणणारा अमेरिकन रॅपर टुपाक शकूर तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. पण त्याची आई तुझ्या बोलण्यात कधी आली नाही. फोनवर तू मध्येच तोडतोस, म्हणून हे पत्र. 14 एप्रिलला चाळीत म्हणणार आहेस त्या तुझ्या गाण्याबद्दलही लिहायचंय, पण ते शेवटी.

अफेनी शकूर नॉर्थ कॅरोलायनातली. न्यूयॉर्कला आली आणि काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर पार्टीत गेली. हे नाव आपल्या घराला नवं नाही. ओकलंडमध्ये 1966 साली ह्युई न्यूटन आणि बॉबी सील यांनी ती पार्टी काढली, आणि तिच्या नावावरून 1972 साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. ढसाळ, ढाले, ज. वि. पवार ही नावं तू आजोबांच्या तोंडून ऐकलीस. वरळीतल्या सभांना जाणाऱ्या पोरांत तेही होते. अमेरिकेतले पँथर शाळेत जायच्या आधी वस्तीतल्या मुलांना फुकट नाश्ता द्यायचे, हे आजोबांना फार आवडायचं. बंदुकीपेक्षा त्या नाश्त्याबद्दलच ते जास्त बोलायचे.

एप्रिल 1969 मध्ये न्यूयॉर्कच्या 21 पँथरांवर आरोप ठेवले गेले. पोलीस ठाणी, मोठी दुकानं, अगदी वनस्पती उद्यानसुद्धा बॉम्बने उडवायचा कट केला म्हणून. प्रत्यक्ष खटला उभा राहिला तो 13 जणांवर, आणि महिनोन् महिने चालला. त्यात अफेनीने ठरवलं की आपण वकील घ्यायचा नाही, आपली बाजू आपणच मांडायची. कायद्याचं शिक्षण काही नाही. वय तेवीस-चोवीस. जामिनावर बाहेर असताना दिवस गेलेले. सहआरोपींपैकी दोघे पळाले तेव्हा तिचा जामीन रद्द झाला आणि ती पोटातल्या बाळासकट परत आत गेली.

मी इतकी वर्षं कोर्टात लघुलेखक आहे. न्यायाधीश साक्ष सांगतात, मी टाइप करते. वकील न घेता स्वतः उभा राहणारा माणूस आला की अख्ख्या कोर्टाच्या कपाळाला आठी पडते. त्याला कागद कुठला कधी द्यायचा हे कळत नसतं, प्रश्न विचारायच्या जागी तो भाषण करतो, आणि सरकारी वकील घड्याळाकडे बघत उभे असतात. उलटतपास घेणं तर मुरलेल्या वकिलांनाही जमतंच असं नाही. पुढचं उत्तर काय येईल ते माहीत असल्याशिवाय प्रश्न टाकायचा नसतो. आणि ही बाई कुणाचा उलटतपास घेत होती? खोट्या नावाने पँथरांत घुसलेल्या, त्यांच्यासोबत उठलेल्या-बसलेल्या पोलिसाचा! मला बॉम्ब ठेवताना तू पाहिलंस का, मग काय करताना पाहिलंस, असं विचारत तिने त्याच्याच तोंडून आपलं वस्तीतलं काम कोर्टापुढे आणलं. मी त्या कोर्टात असते तर माझी बोटं थांबली असती.

तुरुंगात पोटातल्या बाळाला पोषण मिळावं म्हणून रोज एक अंडं आणि ग्लासभर दूध द्या, एवढ्यासाठीसुद्धा तिला कोर्टाचा हुकूम आणावा लागला. मला वाटतं, टुपाकचं आयुष्य सांगायला घ्यावं ते इथून.

13 मे 1971 ला ज्युरीने निकाल दिला. 156 आरोप, आणि प्रत्येकाला 'दोषी नाही'. 16 जूनला टुपाक जन्मला. वर्षभरानंतर तिने त्याचं नाव बदललं आणि पेरूमध्ये स्पॅनिश सत्तेविरुद्ध उठलेल्या, 1781 साली मारल्या गेलेल्या टुपाक अमारूचं नाव त्याला दिलं.

पुढचं फार कष्टाचं आहे. खटला जिंकला म्हणून घरात भाकरी येत नाही. भाड्याची घरं बदलत राहायची, नातेवाइकांकडे राहायचं. सावत्र वडील मुतुलू शकूर 1982 साली एफबीआयच्या सर्वांत हव्या असलेल्या दहांच्या यादीत गेले. त्यातही ही बाई पोराने खोडी केली की शिक्षा म्हणून त्याला अख्खा न्यूयॉर्क टाइम्स वाचायला लावायची. बाराव्या-तेराव्या वर्षी तो हार्लेमच्या अपोलो थिएटरमध्ये नाटकात उभा राहिला. मग बाल्टिमोरला कलाशाळेत अभिनय, कविता, बॅले शिकला. शेक्सपिअरच्या नाटकांत कामं केली. पोटावर 'ठग लाइफ' गोंदवलेल्या माणसाने शाळेत बॅलेत उंदरांच्या राजाचं काम केलं होतं, हे तुझ्या भिंतीवरच्या त्या पोस्टरवरून कुणाला कळणार? 1988 साली शाळा अर्धी सोडून त्याला कॅलिफोर्नियात मरीन सिटीला जावं लागलं, आणि तिथे अफेनी क्रॅकच्या नशेत पुरती अडकली. ज्या बाईने न्यूयॉर्कच्या सरकारी वकिलांना हरवलं ती नशेपुढे हरली. मुलगा घराबाहेर पडला, मित्रांकडे राहिला. 'डिजिटल अंडरग्राउंड' या ग्रुपचं सामान उचलत, त्यांच्या मागे नाचत तो माइकपर्यंत पोहोचला.

1991 च्या पहिल्या अल्बममधलं 'ब्रेंडाज गॉट अ बेबी' तू मला कधी ऐकवलं नाहीस. वर्तमानपत्रात वाचलेल्या बातमीवरून त्याने ते लिहिलं. बारा वर्षांची मुलगी, नात्यातल्याच माणसापासून राहिलेलं मूल, ते कचऱ्यात टाकलेलं. पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या खटल्यांतल्या साक्षी टाइप करताना मी अशा मुली पाहिल्या आहेत. त्या बहुतेक मान हलवतात. मग साहेब हळू आवाजात सांगतात, बाळ, तोंडाने बोल, लिहून घ्यायचंय. त्यानंतर येतं ते एक 'हो'. त्या 'हो'च्या मागे काय असतं ते माझ्या टाइप केलेल्या कागदावर कधीच उतरत नाही. वीस वर्षांच्या पोराने ते गाण्यात उतरवलं, आणि त्यात ब्रेंडाला कुठेही दोष दिला नाही. मला त्याचं हे गाणं 'डिअर मामा'पेक्षा मोठं वाटतं. तुझं मत वेगळं असेल तर लिही.

दोन वर्षांनी आलं 'कीप या हेड अप'. ते लटाशा हार्लिन्स नावाच्या मुलीच्या आठवणीला वाहिलेलं आहे. पंधरा वर्षांची पोर. मार्च 1991 मध्ये लॉस एंजेलिसच्या एका दुकानात संत्र्याच्या रसाच्या बाटलीवरून झटापट झाली आणि दुकानदार बाईने तिला पाठीमागून गोळी घातली. ज्युरीने दोषी धरलं, पण न्यायाधीशांनी तुरुंग दिला नाही. देखरेखीखाली सुटका, समाजसेवेचे 400 तास आणि 500 डॉलर दंड. तो आकडा वाचून मी उठून पाणी प्यायले. टुपाक त्या गाण्यात पुरुषांनाच विचारतो की आपण बाईच्या पोटी आलो, तर तिला ओरबाडतो का, तिचा द्वेष का करतो.

आता जे लिहिते ते वाचताना पान उलटू नकोस. ते गाणं ऑक्टोबर 1993 मध्ये बाजारात आलं. जेमतेम महिन्याभरात न्यूयॉर्कच्या एका हॉटेलातल्या घटनेबद्दल एकोणीस वर्षांच्या मुलीने त्याच्यावर आणि त्याच्या सोबत्यांवर लैंगिक अत्याचाराची तक्रार केली. 30 नोव्हेंबर 1994 ला, ज्युरीचा निकाल यायच्या आदल्या रात्री, मॅनहॅटनमध्ये एका स्टुडिओच्या खाली त्याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. दुसऱ्या दिवशी बँडेज बांधून, चाकाच्या खुर्चीत बसून तो कोर्टात आला. ज्युरीने जास्त गंभीर आरोपांतून त्याला सोडलं आणि लैंगिक अत्याचाराबद्दल दोषी धरलं. शिक्षा दीड ते साडेचार वर्षं. तो शेवटपर्यंत म्हणत राहिला की मी हे केलं नाही.

तुम्ही मुलं म्हणता, त्याला अडकवलं. हे वाक्य मी कोर्टाच्या व्हरांड्यात रोज ऐकते, आणि कधी कधी ते खरंही असतं. त्याच्या आईलाच खरोखर अडकवलं होतं, म्हणून तिच्या मुलाबद्दलही तसंच असेल असं वाटणं मला समजतं. पण अफेनीला 'दोषी नाही' म्हणणारी ज्युरी खरी आणि तिच्या मुलाला दोषी म्हणणारी खोटी, असं आपण आपल्या सोयीने ठरवू शकत नाही. त्या मुलीचं म्हणणंही कुणीतरी टाइप केलं असेल. 'कीप या हेड अप' लिहिणारा आणि या गुन्ह्यात दोषी ठरलेला, दोन्ही टुपाकच आहेत. एकाला भिंतीवर लावायचं आणि दुसऱ्याकडे पाठ फिरवायची, हे मला मान्य नाही, आणि तूही तसं करू नयेस असं मला वाटतं.

तो तुरुंगात असतानाच मार्च 1995 मध्ये 'मी अगेन्स्ट द वर्ल्ड' आला आणि बिलबोर्डच्या अल्बमच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. तुरुंगातल्या कलाकाराच्या बाबतीत हे पहिल्यांदाच घडलं. त्यातच तुझं 'डिअर मामा' आहे. तोवर अफेनी नशेतून बाहेर पडली होती. मुलगा तिला जाहीरपणे नशेबाज म्हणतो आणि त्याच दमात राणी म्हणतो. सरकारी मदतीवर घर चालवून सणाला ताटात काहीतरी वाढणारी आई त्यात आहे, आणि तुरुंगातून आईला मिठी मारणारा मुलगाही. काही लपवलेलं नाही आणि प्रेमही कमी नाही. आईबद्दलची आपली गाणी तिला देव्हाऱ्यात बसवतात, तिची चूक सांगत नाहीत. या गाण्यात ती हाडामांसाची राहते. 2010 साली अमेरिकेच्या काँग्रेस लायब्ररीने ते राष्ट्रीय ध्वनिसंग्रहात घेतलं.

शेवटचं वर्ष मला आवडत नाही. ऑक्टोबर 1995 मध्ये डेथ रो रेकॉर्ड्स या गाण्यांच्या कंपनीच्या शुग नाइटने 14 लाख डॉलरचा जामीन उभा केला आणि बदल्यात तीन अल्बमचा करार झाला. तुझा लाडका 'ऑल आइज ऑन मी' त्यातूनच आला. ताकद त्यात आहेच, ते मी नाकारत नाही. पण जो राग लटाशाच्या न्यायाधीशावर होता, ब्रेंडाच्या घरावर होता, तो आता द नोटोरियस बी.आय.जी. या दुसऱ्या रॅपरवर, त्याच्या बायकोवर, पूर्व किनाऱ्याच्या रॅपरांवर खर्च होऊ लागला. 7 सप्टेंबर 1996 ला लास वेगासमध्ये माइक टायसनची लढत बघून बाहेर पडताना हॉटेलच्या लॉबीत त्याने आणि सोबत्यांनी एका माणसाला मारलं. काही तासांत सिग्नलला थांबलेल्या गाडीवर गोळ्या आल्या. 13 तारखेला तो गेला. पंचवीस वर्षांचा होता. सहा महिन्यांत तो बी.आय.जी.ही गेला, तो चोवीसचा. तुझ्यापेक्षा तीन-चार वर्षांनी मोठी मुलं रे ही! टुपाकच्या खुनात पहिली अटक झाली ती 2023 मध्ये.

अफेनी पुन्हा कोर्टात उभी राहिली. मुलाची गाणी कंपनीच्या हातात जाऊ नयेत म्हणून भांडली, 1997 साली स्वतःची कंपनी काढली, वह्यांतल्या कविता छापून आणल्या. जॉर्जियात मुलांसाठी कलाकेंद्र सुरू केलं. 2016 मध्ये ती गेली. पुढच्याच वर्षी टुपाकला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये घेतलं, ते बघायला ती नव्हती.

आता तुझं गाणं. गिरण्यांच्या जागेवरचं पहिलं कडवं चांगलं उतरलंय. आजोबांची पाळी, सायरन, पगाराचं पाकीट, सगळं तू नेमकं टिपलंस. "टॉवरच्या सावलीत वाळतात आमचे कपडे" ही ओळ मी कोर्टातल्या मैत्रिणींना वाचून दाखवली. दुसऱ्या कडव्यात मात्र समोरच्या ग्रुपमधल्या मुलाला खाली दाखवण्यासाठी तू त्याच्या बहिणीवर गेलास. ती ओळ यमकात बसते म्हणून आली असं म्हणशील. ती मुलगी आपल्याच मागच्या चाळीत राहते आणि जयंतीला पहिल्या रांगेत बसलेली असते. बाबासाहेबांच्या फोटोसमोर उभं राहून ती ओळ तू म्हणावीस हे मला चालणार नाही. मी तुझं रॅप कधी बंद करायला सांगितलं नाही आणि सांगणारही नाही. त्या मुलाशी भांडण आहे तर त्याच्या गाण्याशी भांड. त्याचं यमक लंगडं आहे, तिथे धर त्याला.

बदललेलं कडवं 5 तारखेपर्यंत पाठव, कार्यक्रमाच्या पत्रिकेत तुझं नाव घालायचंय. पौर्णिमा म्हणते स्पीकरवाल्याशी ती बोलेल, तेव्हा तुझा ट्रॅक तिच्याकडेच दे. मेसचे पैसे सोमवारी टाकते.

तुझी,
आई